डाळिंबाच्या सालीतून अँटिऑक्सिडंट संयुगांचा अर्क काढताना : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

डाळिंबाच्या सालीचा लहानसा तुकडा दाताखाली धरला, तर काही क्षणांतच जीभ आणि गालांची आतली बाजू आखडल्यासारखी होते. सालीतील टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंडातला ओलसरपणा हरवतो. तुरटपणा म्हणतात तो हाच. टॅनिने ही पॉलिफेनॉल या मोठ्या कुळातली संयुगे आहेत आणि फळांमधील अँटिऑक्सिडंटांचा मोठा वाटा याच कुळाकडे जातो. दाणे खाऊन जी साल आपण टाकून देतो, तिच्यात ही संयुगे दाण्यांच्या रसापेक्षा कितीतरी अधिक असतात. म्हणून प्रयोगशाळेत हे काम प्रथमच हाती घेणाऱ्याने सुरुवात या सालीपासून करावी, असे मी सुचवतो. कच्चा माल मुबलक मिळतो, अर्क भरपूर निघतो आणि चूक झाली तर ती बहुधा डोळ्यांना दिसते.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अँटिऑक्सिडंट म्हणजे स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन अणू चटकन देऊन टाकणारे संयुग. ते देताना त्याचे स्वतःचे ऑक्सिडीभवन होते. ज्या गुणासाठी आपण ते फळातून काढतो, त्याच गुणामुळे ते हवा, प्रकाश, उष्णता, लोखंड आणि अल्कली यांच्या संगतीत खर्च होऊन जाते. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक काळजी या एका कारणापोटी घ्यावी लागते, आणि हे कारण समजले की कोणती सूचना थोडी सैल करता येते आणि कोणती मुळीच नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

काय काढायचे ते आधी ठरवावे

‘फळातील अँटिऑक्सिडंट’ असे एकच एक द्रव्य नसते. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलाजिन हे मोठ्या रेणूचे टॅनिन प्रमुख असते, आणि त्याच्या जोडीला इलॅजिक आम्ल, गॅलिक आम्ल व काही फ्लेव्होनॉइड असतात. ही सारी संयुगे पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात चांगली उतरतात. त्यांतले इलॅजिक आम्ल मात्र पाण्यात फारच कमी विरघळते, आणि त्याचा उपद्रव पुढे साठवणीच्या वेळी जाणवतो. टोमॅटोतील लायकोपीन किंवा आंब्यातील बीटा-कॅरोटीन ही संयुगे याउलट तेलाच्या जातीची असतात. त्यांना पाणी चालत नाही. इथाइल अ‍ॅसिटेटसारखा द्रावक घ्यावा लागतो किंवा ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बार यांच्या पलीकडे नेलेला, म्हणजे अतिक्रांतिक अवस्थेतला, कार्बन डायऑक्साइड वापरावा लागतो. ती वाट वेगळी आहे, आणि पहिल्या प्रयोगासाठी तिच्या नादी लागू नये.

द्राक्षे, जांभळे आणि इतर लाल-जांभळ्या फळांमधील अँथोसायनिने मात्र आपल्याच पद्धतीत थोडा फेर करून काढता येतात. त्यांचा रंग सामूनुसार पालटतो: सामू १ ते ३ असताना ती लाल दिसतात, ४ ते ५ च्या आसपास फिकी पडतात, आणि त्याहून वर निळसर होऊन हळूहळू मोडू लागतात. म्हणून त्यांच्यासाठीच्या द्रावकात १ टक्का सायट्रिक आम्ल मिसळावे आणि तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. तीव्र आम्ल आणि उष्णता एकत्र आली, तर रेणूला जोडलेली साखर तुटून निघते आणि उरलेला भाग टिकत नाही.

सोलणे, वाळवणे, दळणे

नवशिके प्रथम विचारतात ते द्रावकाबद्दल आणि यंत्राबद्दल. माझा अनुभव असा की, जे हरवायचे ते बहुतेक द्रावकाच्या बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वीच हरवलेले असते. म्हणून ही पायरी मी सर्वांत सविस्तर सांगणार आहे.

फळ अखंड असतानाच वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे व कोरडे पुसावे. सोललेली साल पुन्हा धुऊ नये आणि पाण्यात भिजत तर मुळीच टाकू नये, कारण आपल्याला हवी असलेली संयुगे पाण्यात विरघळणारी आहेत आणि ती त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. सुरी स्टेनलेस स्टीलची किंवा सिरॅमिकची असावी. गंजलेल्या किंवा साध्या लोखंडी पात्याने साल कापली, तर कापलेल्या कडेवर काही वेळात निळसर काळी रेघ उमटते. टॅनिन आणि लोह यांचा तो संयोग असतो आणि पूर्वी लिहिण्याची शाई नेमकी याच संयोगातून बनवीत. शाई म्हणून तो उत्तम असला, तरी आपल्या हिशेबात ते टॅनिन गेले असेच धरावे.

साल कापली की पेशी फुटतात आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम हवेच्या साहाय्याने पॉलिफेनॉलांचे तपकिरी द्रव्यात रूपांतर करू लागते. कापलेले सफरचंद काळवंडते ते याच क्रियेने. सोलणे आणि वाळवायला घालणे यांत अर्ध्या तासाहून अधिक वेळ जाऊ न देणे हा सर्वांत सोपा उपाय. तेवढी सवड नसेल, तर साल हवाबंद पिशवीत भरून थेट गोठवावी, किंवा दोन ते तीन मिनिटे वाफ देऊन एन्झाइम निकामी करावे. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा सालीने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी ‘उद्या बघू’ म्हणून टेबलावर तशीच ठेवली होती. सकाळी पिशवीला आतून घाम आला होता, साल कडांपासून मधोमध तपकिरी झाली होती आणि तिला आंबूस वास सुटला होता. तिचा अर्क काढला तेव्हा रंग नेहमीपेक्षा गडद आला आणि मला आनंदही झाला. मोजणीत मात्र आकडा ताज्या सालीच्या अर्कापेक्षा बराच खाली निघाला. गडद अर्क म्हणजे जोरकस अर्क, ही समजूत त्या दिवशी गेली.

वाळवण्यासाठी सालीचे सुमारे ५ मिलिमीटर रुंदीचे तुकडे करून ते जाळीच्या ताटावर एकाच थरात पसरावेत. हवा खेळती ठेवणारे ओव्हन ४५ ते ५० अंश सेल्सिअसवर लावावे. तापमान याहून वाढवले तर वेळ वाचतो, पण उष्णतेने मोडणारी संयुगे कमी होतात. उलट ३५ अंशांवर ठेवले तर साल इतका वेळ ओलसर राहते की एन्झाइमला आणि बुरशीला आयतेच फावते. उन्हात वाळवणे टाळावे, कारण प्रकाश आणि दिरंगाई दोन्ही एकदमच गळ्यात पडतात. गोठवून निर्वातात सुकवण्याचे यंत्र उपलब्ध असेल तर त्याहून चांगले काही नाही, पण त्यावाचून काम अडत नाही. तुकडा दोन बोटांत वाकवताच कट्कन तुटला आणि एका तासाच्या अंतराने केलेली दोन वजने सारखी आली, की साल वाळली असे समजावे.

वाळलेल्या सालीतही थोडे पाणी उरतेच. ते मोजण्यासाठी दळलेल्या पुडीतील २ ग्रॅम नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत तापवावा. जेवढे वजन घटले तेवढी आर्द्रता. हा तापवलेला नमुना फेकून द्यावा, त्याचा अर्क काढू नये. आर्द्रता १० टक्क्यांच्या आत असावी. हा आकडा वहीत लिहिण्याचा अनेकांना कंटाळा असतो, पण शेवटचा हिशेब त्याच्यावर उभा असतो.

दळताना मिक्सर एका दमात दोन मिनिटे फिरवला, तर भांडे हाताला चटका बसेल इतके तापते. त्याऐवजी दहा-पंधरा सेकंद फिरवावा, थांबावे, पुन्हा फिरवावा. पूड अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घ्यावी आणि वर उरलेले कण पुन्हा दळावेत. ते टाकून दिले तर सालीचा चिवट भाग नमुन्यातून वगळला जातो आणि आकडा उगाच फुगतो. फार बारीक, पिठासारखी पूडही कामाची नाही, कारण ती द्रावकात गोळे धरते आणि पुढे गाळणकागदाची छिद्रे बुजवते. पूड हवेतील ओल झपाट्याने शोषते, म्हणून ती लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी.

द्रावक तयार करणे

शुद्ध पाणी वापरले तर पेशी फुगून मोकळ्या होतात, पण संयुगांबरोबर साखर आणि पेक्टिनही मोठ्या प्रमाणात उतरते, आणि अर्क एक-दोन दिवसांत नासतो. शुद्ध अल्कोहोल वापरले तर पेशींमधील पाणी ओढले जाऊन त्या आक्रसतात आणि आतला माल आतच राहतो. दोघांच्या मिश्रणात पाणी पेशी फुगवते आणि अल्कोहोल पॉलिफेनॉलांची प्रथिनांशी व पेशीभित्तिकेशी असलेली पकड सैल करते. शिवाय पेक्टिन विरघळू देत नाही आणि एन्झाइमांनाही आवरते. म्हणून ५० ते ७० टक्के इथेनॉल हा बहुतेक फळांसाठी सुरुवातीचा योग्य टप्पा होय. अर्क काढण्यासाठी मिथेनॉल वापरल्याचे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते आणि त्याने अर्क चांगला निघतोही. परंतु ते विषारी आहे आणि त्याची वाफ श्वासातून शरीरात जाते, त्यामुळे नवशिक्याने त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

९५ टक्के इथेनॉलपासून ७० टक्क्यांचे १ लिटर मिश्रण करायचे असेल, तर ७० ला ९५ ने भागून १००० ने गुणावे; उत्तर ७३७ मिलिलिटर येते. एवढे इथेनॉल मोजपात्रात घेऊन पाण्याने १ लिटरच्या खुणेपर्यंत भरावे. ‘७३७ मिलिलिटर इथेनॉल आणि २६३ मिलिलिटर पाणी’ असे वेगवेगळे मोजून मिसळू नये. अल्कोहोल आणि पाणी एकत्र आले की त्यांचे एकूण आकारमान घटते. दोन्ही ५० मिलिलिटर घेऊन मिसळून पाहावे, १०० न भरता ९६-९७ च भरतात. मिसळताना भांडे किंचित कोमट होते, म्हणून ते निवल्यावर पुन्हा खुणेपर्यंत भरावे.

इथेनॉल सहज पेट घेते आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलाच्या पृष्ठभागावरून दूरवर पसरते. ज्या खोलीत हे काम चालेल तेथे कोणतीही उघडी ज्योत नसावी, तापवणे फक्त वॉटर बाथवर करावे आणि तापणाऱ्या भांड्याचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये. या सूचनेत सैलपणा चालत नाही.

अर्क काढणे

१० ग्रॅम पूड शंकूपात्रात घ्यावी आणि तीवर २०० मिलिलिटर द्रावक ओतावा. पात्राला बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची पातळ पन्नी गुंडाळावी म्हणजे प्रकाश आत जात नाही, आणि तोंडावर ती सैल बसवावी. ४० ते ४५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये एक तास सतत ढवळत ठेवावे. ढवळण्याचे साधन नसेल तर दर पाच मिनिटांनी हाताने घुसळावे. कणाभोवतीचा द्रावक एकदा भरून आला की तो हलल्यावाचून नवा माल बाहेर येत नाही. वॉटर बाथही नसेल, तर नेहमीच्या तापमानाला २४ तास अंधारात ठेवून अधूनमधून हलवले तरी चालते, मात्र वेळ वाढतो तशी हवेशी संगतही वाढते.

अल्ट्रासाउंड बाथ असेल तर हे काम अर्ध्या तासात उरकते. ध्वनिलहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या धक्क्याने पेशीभित्तिका फाटतात. या यंत्राचा एक खोडसाळपणा असा की, तापमान २५ वर लावले तरी त्यातले पाणी आपोआप तापत जाते; अर्ध्या तासाने थर्मामीटर बुडवून पाहिल्यावर ते कोठवर चढले आहे याचे आश्चर्य वाटते. दर दहा मिनिटांनी बर्फाचे खडे टाकून ते आटोक्यात ठेवावे.

एकदा गाळल्यावर चोथा टाकण्याची घाई करू नये. समजा, पिळल्यानंतरही चोथ्यात ३० मिलिलिटर द्रव अडकून राहिला. २०० पैकी ३० म्हणजे विरघळलेल्या मालाचा १५ टक्के भाग त्यातच राहिला. त्यावर पुन्हा २०० मिलिलिटर ताजा द्रावक ओतून तीच क्रिया केली, तर २३० पैकी ३० मिलिलिटर, म्हणजे त्या १५ टक्क्यांतील सुमारे १३ टक्के, मागे राहील. मूळच्या हिशेबाने हे केवळ २ टक्के होतात. तिसऱ्या फेरीत या २ टक्क्यांसाठी आणखी २०० मिलिलिटर अल्कोहोल आणि तेवढेच पुढे उडवण्याचे काम अंगावर घ्यायचे का, हे आपले आपण ठरवावे. मी दोन फेऱ्यांवर थांबतो.

गाळण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. प्रथम दुहेरी मलमलीतून पिळून घ्यावे, मग व्हॉटमन क्रमांक १ च्या कागदातून, शक्यतो निर्वात पंप लावून गाळावे. कागद तुंबत असेल तर द्रव दहा मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा निवळ भाग घ्यावा. दोन्ही फेऱ्यांचे गाळलेले द्रव एकत्र करून त्याच द्रावकाने ४०० मिलिलिटरपर्यंत भरावेत आणि त्यातील २० मिलिलिटर मोजणीसाठी लगेच बाजूला काढून थंड ठेवावेत. हा बाजूला काढलेला भाग पुढे साक्षीदाराचे काम करतो: अल्कोहोल उडवताना किती नुकसान झाले, ते त्याच्याशी ताडून पाहता येते.

अल्कोहोल उडवणे

इथेनॉल ७८ अंशांवर उकळते, पण दाब कमी केला तर ते त्याहून पुष्कळ कमी तापमानाला उडते. रोटरी इव्हॅपोरेटरचे सारे मर्म एवढेच आहे. फ्लास्क निम्म्याहून कमी भरावा, बाथ ४० अंशांवर ठेवावा आणि दाब हळूहळू उतरवावा. सुरुवातीला सारे शांतपणे चालते, कारण अल्कोहोल फेस धरू देत नाही. अल्कोहोल सरत आले आणि पाणी उरू लागले की अर्क एकाएकी साबणाच्या पाण्यासारखा फसफसून वर चढतो. नेमका त्याच वेळी, दोन तास काही घडले नाही म्हणून, मी एकदा चहाला गेलो. परत आलो तेव्हा सालीचा सोनेरी अर्क कंडेन्सरच्या वळणांमधून खालच्या फ्लास्कमध्ये उतरला होता आणि तेथे उडवलेल्या अल्कोहोलात पुन्हा मिसळला होता. त्या शेवटच्या वीस मिनिटांत यंत्रापाशी उभे राहावे आणि हवेची झडप हाताशी ठेवावी.

असे यंत्र नसेल, तर अर्क कोरडा करण्याचा आग्रह धरू नये. वाफ बाहेर खेचणाऱ्या धुराड्याखाली (फ्यूम हूडखाली) उथळ काचेच्या ताटलीत थोडा थोडा अर्क ४० अंशांवर आटवता येतो, परंतु पसरट ताटली म्हणजे हवेला दिलेले आमंत्रणच. शिकण्यासाठी द्रवरूप अर्क पुरेसा आहे.

निर्वातात गोठवून सुकवायचे असेल, तर अल्कोहोल पूर्णपणे गेले आहे याची खात्री करावी. थोडेही उरले असेल, तर अर्क नीट गोठत नाही आणि निर्वात लावताच वितळून उसळतो. सुकलेली पूड फिकट पिवळसर तपकिरी आणि हलकी असते. ती चिकट झाली तर साखर बरीच आली आहे असे समजावे. ती वेगळी करण्यासाठी सच्छिद्र रेझिनच्या स्तंभातून पाण्यातला अर्क सोडतात, आधी पाण्याने साखर धुऊन काढतात आणि मग ७० टक्के इथेनॉलने पॉलिफेनॉल उतरवून घेतात. पहिल्या खेपेला याची गरज नाही.

मोजणी

अर्कात एकूण पॉलिफेनॉल किती, हे पाहण्यासाठी फोलिन-सिओकाल्त्यू अभिकर्मक वापरतात. ओटो फोलिन आणि व्हिंटिला सिओकाल्त्यू यांनी तो १९२७ मध्ये मांडला आणि १९६५ मध्ये सिंगल्टन व रॉसी यांनी त्याची आज रूढ असलेली पद्धत घालून दिली. अभिकर्मकातील टंगस्टन व मॉलिब्डेनम यांच्या पिवळ्या संयुगांचे पॉलिफेनॉलांमुळे क्षपण होते आणि निळा रंग येतो. निळा जितका गडद, तितके पॉलिफेनॉल अधिक.

प्रथम गॅलिक आम्लाची दर मिलिलिटरला २०, ४०, ६०, ८० आणि १०० मायक्रोग्रॅमची द्रावणे करावीत, आणि सहावी नळी नुसत्या पाण्याची ठेवावी. प्रत्येक नळीत ०.५ मिलिलिटर नमुना, त्यावर दहापट विरल केलेला अभिकर्मक २.५ मिलिलिटर, आणि पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलिलिटर घालावे. हा क्रम उलटा करू नये: रंग येण्यासाठी अल्कली लागते हे खरे, पण अभिकर्मक अल्कलीत टिकत नाही, म्हणून पॉलिफेनॉलांची आणि त्याची गाठ आधी पडली पाहिजे. नळ्या एक तास अंधारात ठेवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ७६५ नॅनोमीटरला शोषण, म्हणजे द्रावण त्या तरंगलांबीचा किती प्रकाश अडवते ते, मोजावे. गॅलिक आम्लाचे बिंदू आलेखावर जवळपास सरळ रेषेत बसले पाहिजेत. बसत नसतील तर दोष बहुधा पिपेट धरणाऱ्या हाताचा असतो. अर्काची प्रत्येक मोजणी तीन नळ्यांत करावी.

आता हिशेब. अर्क ५० पट विरल करून मोजल्यावर आलेखावरून दर मिलिलिटरला ६० मायक्रोग्रॅम आले, असे धरू. ५० ने गुणल्यावर ३००० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम होतात. एकूण अर्क ४०० मिलिलिटर, म्हणून १२०० मिलिग्रॅम. ते १० ग्रॅम पुडीतून आले, म्हणून दर ग्रॅमला १२० मिलिग्रॅम. पण पुडीत ८ टक्के पाणी असेल, तर खरी कोरडी साल ९.२ ग्रॅमच होती आणि उत्तर १३० मिलिग्रॅम येते. ओव्हनमध्ये तापवून फेकलेल्या त्या २ ग्रॅमचा उपयोग येथे कळतो. उत्तर लिहिताना ‘गॅलिक आम्लाच्या तुल्य’ हे शब्द लिहावेत, कारण सालीत इतके गॅलिक आम्ल खरोखर असते असा त्याचा अर्थ नाही.

हा अभिकर्मक पॉलिफेनॉल ओळखत नाही, जे क्षपण करील त्याला तो निळा होतो. क जीवनसत्त्व आणि क्षपणकारी साखर यांनाही तो दाद देतो. डाळिंबाच्या सालीत पॉलिफेनॉल इतकी असतात की ही भर फारशी जाणवत नाही. आवळा किंवा लिंबू यांसारख्या फळांच्या बाबतीत मात्र तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

अर्काची प्रत्यक्ष क्षमता पाहण्यासाठी डीपीपीएच ही सोपी कसोटी आहे. मार्सडेन ब्लॉइस यांनी ती १९५८ मध्ये सुचवली. डीपीपीएच हा जांभळ्या रंगाचा, बराच काळ टिकणारा मुक्त मूलक, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला रेणू, आहे. अँटिऑक्सिडंटाने त्याला हायड्रोजन दिला की जांभळा रंग मावळून पिवळा उरतो. २५० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ९.९ मिलिग्रॅम डीपीपीएच विरघळवले म्हणजे ०.१ मिलिमोलर द्रावण मिळते. त्यातील ३ मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिलिटर विरल अर्क मिसळून अर्धा तास अंधारात ठेवावा आणि ५१७ नॅनोमीटरला मोजावे. नुसत्या द्रावकाच्या नळीचे शोषण ०.९६० आणि अर्काच्या नळीचे ०.३६० आले, तर घट ०.६००, म्हणजे ६२.५ टक्के. सर्वच नळ्या पिवळ्या पडल्या तर हरखून जाऊ नये. त्याचा अर्थ अर्क पुरेसा विरल केलेला नाही. सोबत क जीवनसत्त्वाच्या ज्ञात द्रावणाची एक रांग लावावी, म्हणजे आपल्या आकड्याला तुलनेचा आधार मिळतो.

परीक्षानळीत जे घडते ते शरीरातही घडेल, असे मात्र या आकड्यांवरून म्हणता येत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अशाच एका क्षमतामापनाची, ओआरएसी मूल्यांची, यादी प्रसिद्ध केली होती. विक्रेते त्या आकड्यांचा गैरवापर करू लागल्याने २०१२ मध्ये ती मागे घेण्यात आली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि रोज बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळले. प्रयोगशाळेत काढलेला अर्क चाखू नये, कोणाला देऊ नये. त्यातही औद्योगिक अल्कोहोल वापरले असेल, तर त्यात ते पिण्याजोगे राहू नये म्हणून मिथेनॉलसारखी द्रव्ये मुद्दाम मिसळलेली असू शकतात.

साठवण

अर्क तपकिरी काचेच्या लहान बाटल्यांत, गळ्यापर्यंत भरून ठेवावा. एका मोठ्या बाटलीचे झाकण दहा वेळा उघडण्यापेक्षा दहा लहान बाटल्या एकेकदा उघडणे चांगले. द्रवरूप अर्क उणे २० अंशांवर ठेवावा. कोरडी पूडही तेथेच, बाटलीत ओलशोषक पुडी टाकून ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नये, नाहीतर थंड पुडीवर हवेतील दव जमते. बाटलीवरच्या चिठ्ठीत सालीची तारीख, आर्द्रता, द्रावक, फेऱ्यांची संख्या आणि अर्काची तारीख पेन्सिलीने लिहावी. अल्कोहोलाचा थेंब ओघळला की पेनची शाई पुसली जाते.

महिनाभराने एक बाटली काढून प्रकाशासमोर धरावी. तळाशी फिकट पिवळसर, बारीक गाळ बसलेला दिसला, तर तो बहुधा इलॅजिक आम्लाचा असतो: प्युनिकॅलाजिनचा रेणू पाण्याच्या क्रियेने फुटून ते सुटे होते आणि विरघळत नसल्याने खाली बसते. असा गाळ दिसला तर बाटली हलवून मोजणी करू नये. वरचा निवळ भाग अलगद घेऊन त्याची फोलिन मोजणी करावी, आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याशेजारी लिहावा, आणि घट १० टक्क्यांहून अधिक असेल तर आधी साठवणीचे तापमान आणि अर्काचा सामू तपासावा. सामू ५ च्या वर गेला असेल, तर पुढच्या खेपेस द्रावकात थोडे सायट्रिक आम्ल घालून पाहावे.